आईबापांचा धाक व लेकरांचे मन

(शास्त्रपाठ: लूक, अध्याय 2, वचने 41 ते 52)

लेकरू तान्हे असते तोवर आईबापांस त्याच्या देहाची काळजी असते. ते तेराचौदा वर्षांचे झाले म्हणजे त्याच्या मनाची काळजी लागते. काल मुकाट्याने ऐकणारे मूल आज 'का?' म्हणून विचारिते. बापास तो उद्धटपणा वाटतो, मुलास बापाचा नकार अन्याय वाटतो, आणि एका चुलीभोवती जेवणारी माणसे अबोला धरितात. याविषयी शास्त्र काय शिकविते ते पाहू.

प्रभु येशू बारा वर्षांचा असता आईबापांबरोबर वल्हांडण सणास यरुशलेमेस गेला. परतीची एक दिवसाची वाट चालल्यावर, मुलगा सोबतीत नाही असे त्यांस आढळले. माघारी येऊन शोध केल्यावर तो तिसऱ्या दिवशी मंदिरात गुरुजनांमध्ये सापडला. आईचा जीव किती कासावीस झाला असेल! तरी तिने हात उगारिला असे लूक सांगत नाही. तिने मुलास कारण विचारिले व आपले दुःख सांगितले. त्याचे उत्तर आईबापांस उमजले नाही. तथापि मरीयेने ते सारे मनात जपून ठेविले. आणि पुत्र? ज्यास स्वर्गीय पित्याचे घर ठाऊक होते, तोच नासरेथेस परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

पौलही इफिसकरांस लिहिताना आधी मुलांस आज्ञापालन शिकवितो आणि लागलीच बापांकडे वळतो. त्या काळच्या रोमी कायद्याने बाप जिवंत असेपर्यंत मुलांवर त्याची सत्ता चाले. अशा बापांस प्रेषित बजावितो की, मुलांस संताप आणू नका. कलस्सैकरांच्या पत्रात तो कारणही देतो: त्यांचे मन खचून जाईल. खचलेले मन आज्ञा पाळते, परंतु प्रीती करीत नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात. पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, 'मला शाळा सोडावयाची नाही.' बाप म्हणतो, 'तुला मागे कोणाच्या भरवशावर ठेवू? त्यापेक्षा लग्न करून देतो.' बापाचे भय खोटे नाही. परंतु भयाने केलेला निवाडा न्यायाचा होत नाही. 2006 सालच्या कायद्याने मुलीचे अठरा व मुलाचे एकवीस वर्षांच्या आत लग्न लावणे हा अपराध आहे. आणि कोवळ्या देहावर संसाराचे ओझे घालणे हे देवापुढेही पाप आहे. अशा वेळी मुलीने पाळकांस, शिक्षिकेस किंवा 1098 या क्रमांकावर सांगितले, तर तिने आईबापांचा अवमान केला असे कोणी म्हणू नये.

उपदेशक बंधूंनो, अशा घरी जाल तेव्हा प्रथम दोघांचेही ऐका. बापाच्या मानाखातर लेकरास चारचौघांत दटावू नका. मंडळीच्या वडीलजनांनी पुढे होऊन म्हणावे, 'दादा, हंगामभर मुलगी आमच्या लेकींबरोबर राहील. तुम्ही निर्धास्त जा.' बापाचे भय नुसत्या उपदेशाने जात नाही. मंडळीने भार उचलिला म्हणजे जाते.

मुलांनो, तुमचे म्हणणे खरे असले तरी कठोर शब्दांनी त्याची किंमत जाते. बापाच्या हातांवरचे घट्टे पाहा, मग बोला. आणि नम्रपणे बोला. आईबापांनो, उत्तर उमजले नाही तरी ते मरीयेप्रमाणे जपून ठेवा. आज रात्री कुटुंबोपासना झाल्यावर लेकरास जवळ बसवून एवढेच विचारा, 'बाळा, तुझ्या मनात काय आहे?' आणि ते बोलून होईपर्यंत गप्प राहा.

नासरेथेच्या घरी वाढलेला प्रभु आपल्या घरांत शांती नांदवो. आमेन.