नेमणुकीची वाट पाहताना

परदेशात सेवा करण्यासाठी एखादा तरुण नाव देतो, प्रशिक्षण पूर्ण करतो; पण कोणत्या देशात, कोणत्या कामावर जायचे, ते पत्र काही येत नाही. शेजारी विचारतात, "काय रे, अजून इथंच?" आईला वाटते, नाही गेला तरी बरेच. हळूहळू त्याच्याही मनात येते, की देवाला आपली गरज नसावी.

अशा वेळी वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवावेत. १५५६ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. जेझुइट फादरांकडे ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षणाच्या कामात मदत केली, जपानी भाषा आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती कधीच पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून जपानला निघाले, तेव्हा दुभाषी हवा होता. गोन्सालो यांची नेमणूक झाली. वाट पाहण्याच्या वर्षांत शिकलेली भाषाच कामी आली! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर प्राण दिला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले.

म्हणून 'धीर धरा, मनासारखी जागा मिळेल' असे मी सांगणार नाही. गोन्सालो यांना पहिल्यांदा मागितलेले मिळालेच नाही. जे मिळाले, त्यासाठी मात्र ते तयार होते. संत थॉमस अक्विनास सांगतात, की आशेचा विषय चांगला, पुढे यायचा, कठीण, तरीही शक्य असा असतो. कठीण नसते, तर आशेची गरजच काय?

आपला भडगावचा शेतकरी हे जाणतो. गिरणा धरणातून आवर्तन कधी सुटेल हे त्याच्या हाती नसते. पण चारी साफ करणे, बांध नीट करणे त्याच्या हाती असते. चारी बुजलेली असेल, तर आलेले पाणी पुढे निघून जाते.

येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्यही यरुशलेमेत थांबले. ते नुसते बसून राहिले नाहीत. एकत्र प्रार्थना केली, यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवड केली. पवित्र आत्मा आला, तेव्हा घर तयार होते.

तरुणांनो, पत्र येईपर्यंत नवी भाषा शिका, स्वतःचा स्वयंपाक शिका, मुलांना धर्मशिक्षण द्या, आजाऱ्यांना भेटा. ज्याला शेजारच्या म्हाताऱ्या आजीचे ऐकायला वेळ नाही, तो परक्या देशात कोणाचे ऐकणार? आईवडिलांनो, मुलांना आशीर्वाद द्या. आणि आपण सर्वांनी 'कधी जाणार?' असे विचारण्याऐवजी त्यांना प्रार्थनेत आठवू या.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू