नाव आणि कप्पा

बारशाला नाव ठेवतात आणि नंतर जन्मभर नावं ठेवतात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत मी हे दोन्ही समारंभ एकदमच उरकले. तो चार वर्षांचा होता, मी नऊ. त्यानं दुधाची कासंडी उपडी केली आणि मी त्याला 'वेंधळ्या' म्हटलं. आई हसली. झालं! शिक्का बसला.

ही गोष्ट आठवायचं कारण म्हणजे एक देवमासा. आता आपण त्याला देवमासा म्हणतो, पण तो देवही नव्हे आणि मासाही नव्हे. चांगला पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी. पण मी म्हणतोय त्या देवमाशाची तर याहून वाईट गत झाली. साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी हे पन्नास-साठ फुटी धूड समुद्रात पोहत होतं. अमेरिकेत लुइझियानात त्याचा अगडबंब मणका सापडला. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड हार्लन यांनी तो पाहिला, समुद्रातला कुणी सरपटणारा प्राणी असणार असं ठरवलं आणि १८३४ साली नाव ठेवलं 'बॅसिलोसॉरस', म्हणजे सरड्यांचा राजा!

पुढे १८३९ साली हार्लन हाडं घेऊन लंडनला गेले. तिथे रिचर्ड ओवेन यांनी दात तपासले. दाढांना दोन-दोन मुळं! सरड्याच्या जातीत असली चैन नसते. म्हणजे हा सस्तन, देवमाशांच्या गोतातला. ओवेननी 'झ्यूग्लोडॉन' असं नवं नाव सुचवलं. हार्लनना चूक पटली. पण शास्त्राचा नियम असा, की रीतसर दिलेलं पहिलं नाव अर्थानं चुकलं तरी तेच कायम. म्हणून तो बिचारा आजही सरड्यांचा राजा आहे. अलाबामा राज्यानं १९८४ साली त्याला आपला राज्य-जीवाश्म केलं, तेही याच नावानं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला. चूक कळल्यावरही ती तशीच ठेवायची, हा कुठला न्याय? दीडशे-पावणेदोनशे वर्षं कुणालाच लाज वाटू नये?

मग विचार करता करता माझीच पंचाईत झाली. शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं खरं, पण कप्पा बदलला. नावात सरडा आहे म्हणून आज कुणी त्याला सरड्यांच्या खणात ठेवत नाही. आमच्या घरी मात्र नाव आणि कप्पा दोन्ही शाबूत! धाकटा तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजतो, पण घरच्या लग्नात आहेराच्या पाकिटांची पिशवी त्याच्याकडे कधी दिली नाही. "त्याच्याकडे नको रे, वेंधळा आहे."

वडील गेले तेव्हा विम्याचे कागद सापडेनात. तीन दिवस आम्ही सगळी कपाटं उपसली. चौथ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "दादा, माझ्याकडे आहेत. बाबांनीच ठेवायला दिले होते. मला कुणी विचारलंच नाही." फाइल काढली. पावत्या सालवार लावलेल्या.

तीन दिवस तो का बोलला नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. ज्याचं कुणी ऐकून घेत नाही, तो हळूहळू बोलायचाच थांबतो. नाव मी ठेवलं होतं, दात तपासायचं कामही माझंच होतं.

परवा पुतणीच्या लग्नात पिशवी मी त्याच्याच हातात दिली. त्यानं हिशेब पैशाला पैसा जुळवला. मग चष्मा शोधायला लागला. तो कपाळावरच होता.

मी गप्प राहिलो. इजिप्तच्या वाळवंटात त्या देवमाशाच्या जातभाईचे मागचे पायही सापडले आहेत, १९९० साली तसं जाहीर झालं. एवढ्या पन्नास फुटी देहाला फूट-सव्वा फुटाचे पाय! तेवढ्यावरून त्याला कुणी जमिनीवरचा प्राणी म्हणत नाही.