कोकरांनाही जवळ घेऊ या



२६ एप्रिल २०२५, शनिवार. पोप फ्रान्सिस यांच्या अंत्यविधीची मिस्सा रोममध्ये सकाळी दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड वाजता सुरू झाली. त्या दिवशी मी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी होतो. सगळे कुटुंब टीव्हीसमोर बसले होते. पाच वर्षांचा भाचाही होता. पहिली काही मिनिटे तो शांत बसला. मग त्याने विचारले, "मामा, त्या पेटीत कोण आहे?" मी म्हणालो, "श्श! नंतर सांगतो." थोड्या वेळाने तो जमिनीवर लोळू लागला, खुर्चीखाली शिरला, खेळण्यातली गाडी फिरवू लागला. मला राग आला. "मिस्सा चालू आहे, कळत नाही का?" असे म्हणून मी त्याला आतल्या खोलीत पाठवले. तो रडत गेला.

इतक्यात शुभवर्तमानाचे वाचन आले: योहान २१:१५-१९. हेच वाचन ८ एप्रिल २००५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीतही झाले होते. पुनरुत्थित येशू पेत्राला तीनदा त्याच्या प्रेमाविषयी विचारतो. पेत्र होकार देतो तेव्हा प्रभू त्याच्यावर सर्वांत आधी कोणते काम सोपवतो? आपली कोकरे चारण्याचे. मोठ्या मेंढरांचे नाव त्यानंतर येते. हे वाचन मी मोठ्या भक्तिभावाने ऐकत होतो आणि आमच्या घरातले कोकरू आत हुंदके देत होते!

मला माझीच लाज वाटली. मी उठलो, भाच्याला उचलून आणले आणि मांडीवर बसवले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर कानात सांगितले. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. पेटी साधीच का? तिच्यावर पुस्तक का ठेवले आहे? सगळ्यांनी लाल कपडे का घातले आहेत? एकेका प्रश्नाला एक-दोन वाक्यांत उत्तर देताना माझ्या लक्षात आले की, तो मिस्सा मोडत नव्हता. तो मिस्सेत शिरण्यासाठी दार शोधत होता. ते दार मीच लावून घेतले होते.

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे की, माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते. चर्चमध्ये मूल मेणबत्ती पाहते, घंटा ऐकते, धुपाचा वास घेते, पवित्र पाण्यात बोट बुडवते, शेजारच्या आजीशी हात मिळवते. टीव्हीसमोर मात्र फक्त डोळे आणि कान उरतात. हात, पाय, नाक यांना काही कामच नसते. आपण मुलाकडून त्याचे निम्मे चर्च काढून घेतो आणि वर त्याला दोन तास स्वस्थ बसायला सांगतो. मग दोष कोणाचा?

म्हणून घरी मोठी उपासना पाहायची असेल तेव्हा काही साध्या गोष्टी करू या. आदल्या दिवशी मुलाला पाच मिनिटांत सांगा की उद्या काय होणार आहे आणि का. टीव्हीजवळ क्रूस ठेवा, फुले मुलाकडून मांडून घ्या, मेणबत्ती मोठ्यांच्या देखरेखीखाली त्याला पेटवू द्या. शुभवर्तमानाला सर्वांनी उभे राहावे, योग्य वेळी गुडघे टेकावेत, शांतीचिन्हाच्या वेळी एकमेकांना जवळ घ्यावे. आपण सोफ्यावर रेलून, चहा पीत मिस्सा पाहिली तर मुलाला ती मालिकेसारखीच वाटणार! त्याला शोधायला तीन गोष्टी द्या: धूपदान कोणाच्या हातात आहे? शुभवर्तमानाचे पुस्तक कुठे ठेवले? क्रूस किती दिसले? प्रवचन परक्या भाषेत असेल तर त्या वेळात कागद आणि रंग देऊन पाहिलेले चित्र काढू द्या. गप्प बसवण्यासाठी हातात मोबाईल देणे मात्र टाळा. तसे करणे म्हणजे त्याला आतल्या खोलीत पाठवण्यासारखेच आहे.

आणि तरीही ते कंटाळले तर? कंटाळू द्या. १९७३ साली ख्रिस्तसभेने मुलांच्या मिस्सेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अगदी लहान मुलांना मिस्सेत भाग घेता येत नसेल, तर त्यांना शेवटी आशीर्वादासाठी आणावे, अशी सवलत तिच्यात आहे. घरीही तसेच करा. मधल्या वेळात ते खेळले तरी चालेल. शेवटच्या आशीर्वादाला मात्र प्रेमाने हाक मारा.

पोप बारावे पायस यांनी संत क्लेअर यांना टेलिव्हिजनच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. आजारपणामुळे चर्चमध्ये जाऊ न शकलेल्या क्लेअरना नाताळची उपासना आपल्या खोलीतूनच दिसली, असे परंपरा सांगते. तेव्हा टीव्हीवरची मिस्सा ही आजाऱ्यांसाठी आणि रोमसारख्या दूरच्या प्रसंगांसाठी देणगी आहे. धडधाकट माणसांची रविवारची जागा चर्चमध्येच आहे, आणि मुलांचीही! इथे एखादे बाळ रडले की आपण माना वळवतो. अल्तारावरून मीही तसे पाहिले आहे. त्या आईवडिलांची मी आज क्षमा मागतो.

मार्क १०:१३-१६ मध्ये मुलांना अडवणारे लोक परके नव्हते. ते येशूचे शिष्यच होते. प्रभू रागावला तो त्यांच्यावर, मुलांवर नाही. मुलांना त्याने कवेत घेतले.

त्या दुपारी पोपसाहेबांची शवपेटी संत पेत्राच्या चौकातून उचलली गेली, तेव्हा भाच्याने कोणी न सांगता टीव्हीकडे पाहून हात हलवला. पुढे सांता मारिया माज्जोरे या महामंदिराच्या पायऱ्यांवर गरीब लोक पांढरे गुलाब घेऊन उभे होते, तेही त्याने पाहिले. प्रवचनातले त्याला काय आठवेल, ठाऊक नाही. पण मिस्सा म्हटल्यावर त्याला मामाचे ओरडणे आठवावे की मामाची मांडी, हे माझ्या हातात होते. तुमच्या घरी ते तुमच्या हातात आहे.

प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू