परतलेल्या जवानाचे आपण काय केले?

इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीवर पलीकडच्या बांधांवरून मशिनगनचा भडिमार झाला. नामदेव जाधव हा २३ वर्षांचा शिपाई कंपनीत निरोप्याचे काम करत होता. खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याने दोन जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी पोहोचवले आणि मग शत्रूची मशिनगनची तीन ठाणी एकट्याने मोडून काढली. हात जखमी होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा त्याने हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

जाधव १९८४ साली वारले. त्या दिवसानंतर ते ३९ वर्षे जगले, आणि त्या वर्षांविषयी आपण कधी विचारत नाही. त्यांच्याआधी, जुलै १९४४ मध्ये, इटलीतच याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे लढता लढता पडले. त्यांची गाथा मृत्यूपाशी पूर्ण होते. जो परत आला त्याची गाथा मात्र आपण अर्ध्यावर सोडतो. लढाई देशाची आणि परतणे ज्याचे त्याचे, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर गेले होते. युद्ध संपताच त्यातले बहुतेक जण घरी पाठवले गेले. कारखान्यात, रेल्वेत, गाड्यांच्या दुरुस्तीत ज्यांचा हात बसला होता त्यांना शहरात काम शोधता आले असेल. पायदळाच्या शिपायाजवळ कागदावर दाखवायला धंदा नव्हता, आणि तो आजही नसतो. सिग्नलचा किंवा ईएमईचा (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलाचा) जवान एखादे तंत्र शिकून बाहेर पडतो. इन्फन्ट्रीचा हवालदार पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो तेव्हा त्याला काय येते, हे सांगणारा शब्दच नोकरी देणाऱ्याच्या फॉर्मवर नसतो. अंधारात दहा माणसे सुखरूप हलवणे, नकाशावरून मुलूख ओळखणे, रक्त वाहत असताना हात न थरथरता पट्टी बांधणे, भेदरलेल्या पोराला दोन शब्दांत सावरणे: एवढे सगळे जाणणाऱ्या माणसाला आपण सोसायटीच्या फाटकावर बसवतो. ते काम हलके आहे म्हणून मी हे म्हणत नाही. एवढ्या कसबाचा समाजाला दुसरा उपयोग सुचू नये, याचे मला दुःख आहे.

सोयी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, राखीव जागा आहेत, २००३ पासून माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना आहे. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे नोकरी केलेल्या जवानाला केंद्राच्या गट क पदांसाठी पदवीधरासारखे मानतात. पण या सोयी पोटाच्या प्रश्नापुरत्या आहेत. खरी अडचण उंबरठ्याच्या आत असते, आणि तिच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. सुट्टीवर आलेला बाप म्हणजे घरात सण असतो. कायमचा आलेला बाप मात्र बायकोने एकटीने बसवलेल्या घडीत येऊन उभा राहतो. शेताचा वाद, सासूचे दुखणे, पोरांच्या शाळा, सगळे तिने तडीस नेलेले असते. तो हुकूम सोडू पाहतो, आणि घराला हुकमाची सवय उरलेली नसते. सीमेवर ज्याने सोबती गमावला, त्याची झोप कशी आहे हे विचारायचे कुणी? गावकरी त्याला १५ ऑगस्टला झेंड्यापाशी बोलावतात, पराक्रम सांगायला लावतात. भीतीची गोष्ट त्याच्याकडे कुणी मागत नाही, म्हणून ती तो घरीही सांगत नाही. दारू आणि अबोला यांचा उगम पुष्कळदा इथेच आहे, असे माझे मत आहे.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न तरुण केला. चार वर्षांसाठी भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार. बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन, पेन्शनशिवाय, बावीस-पंचविसाव्या वर्षी गावी येणार. त्या वयात लग्न व्हायचे असते, भाऊ नोकरीला लागलेला असतो, आणि याच्या हातात रायफलचा सराव असतो. परतण्याची तयारी शेवटच्या महिन्यातल्या व्याख्यानांवर सोडून चालणार नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या केंद्रात रंगरूट दाखल होतो त्या वर्षापासून त्याच्या प्रत्येक कसबाची नागरी नोंद व्हावी, आणि ती जिल्हा रुग्णालयाने, आपत्ती व्यवस्थापनाने, शाळेने नोकरी देताना मोजावी. कुटुंबाचे समुपदेशन तो दारात येण्यापूर्वीच सुरू व्हावे.