सरमेचा प्रश्न

आमच्या गल्लीच्या टोकाला गवळ्याचा गोठा आहे. तिथल्या कुत्रीला यंदा श्रावणात पाच पिल्ले झाली आणि तेव्हापासून आमची नात शाळेतून थेट घरी येईनाशी झाली. एक पिल्लू तिने मनाशी ठरवूनही टाकले. गवळी म्हणाला, "मास्तर, न्या की एक. इचार कसला करतासा?" मी दोन महिने मागून घेतले. तो हसला. पोरीचे लग्नसुद्धा आपल्याकडे याहून लवकर ठरते.

पण माझ्या मुदतीला कारण होते. १९९४ साली आमच्या मुलासाठी मी असेच एक पिल्लू उचलून आणले होते. जेमतेम पाच आठवड्यांचे असेल. वाटीभर दूध, जुने पोते आणि एक नाव, एवढीच आमची तयारी. पोरे त्याला गल्लीभर मिरवीत. नवव्या दिवशी ते ओकू लागले, रक्ताचे जुलाब झाले आणि दोन रात्रींत संपले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "घरावरचं काहीतरी होतं, ते त्यानं आपल्या अंगावर घेतलं." आपल्याकडे असे म्हणतातच. त्या वेळी मला त्या बोलण्याचा फार आधार वाटला. पुढे गुरांच्या डॉक्टरांकडून कळले, की या रोगाला पार्व्हो म्हणतात आणि त्यावर लस असते. म्हणजे घरावरचे काहीच त्याने घेतले नव्हते. घराने मात्र त्याला रस्त्यावर सोडले होते.

महाभारताच्या आरंभीच एक कुत्र्याचे पिल्लू येते. जनमेजयाच्या यज्ञापाशी गेले म्हणून राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन विचारते, याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेही नाही, मग मारलेत का? कुणापाशी उत्तर नसते. शेवटी स्वर्गाच्या दाराशी धर्मराजाबरोबर उभा असलेला कुत्रा सर्वांना आठवतो, कारण तिथे माणूस मोठा ठरतो. सरमा आठवत नाही. मी तर मारलेही नव्हते, मी लाडच केले होते. पण 'माहीत नव्हते' हे उत्तर तिच्यापुढे चालले असते का? जे विचारले असते तर कळले असते, त्याचे अज्ञान निर्दोष कसे म्हणावे?

म्हणून या खेपेस आधी विचारले. कळले ते असे. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला रोगापासून संरक्षण मिळते. ते पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू ओसरते. कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. गंमत अशी, की ते अंगात भरपूर असते तोवर लसही लागू पडत नाही. मधे काही दिवस असे येतात, की आईचे देणे रोगाला अडवण्याइतके उरलेले नसते आणि लसीला अडवण्याइतके मात्र असते. हे दिवस नेमके कोणते, ते वरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचे होईतो, पुन्हा पुन्हा टोचायचे. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तेव्हा तोवर परक्या कुत्र्यांच्या वावरातल्या जमिनीवर त्याला सोडायचे नाही. कडेवर घेऊन जग दाखवायला हरकत नाही, उलट दाखवावेच. आणि आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचे नाही. किती जोराने चावले की दुसऱ्याला दुखते, हे ते भावंडांतच शिकते. जंताचे औषध, विजेच्या वायरी, चॉकलेट नि कांदा दूर ठेवणे ही बाकीची तयारी त्यामानाने सोपी.

सुई टोचताना पिल्लू केकाटते. "तुझ्याच भल्यासाठी रे," असे आपण म्हणतो. पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या बाबतीत ते खरे आहे. पण तीन महिन्यांच्या सुमारास देतात ती रेबीजची लस त्याच्याइतकीच आपल्याही भल्यासाठी असते. तिथे नुसते 'तुझ्या' म्हणणे मला जड जाते.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बेळगावची माणसे सकाळी फिरायला जातात. तिथे एके काळी देवीची लस तयार होई. त्या काळी ही लस वासरांच्या भादरलेल्या कातडीवर वाढवीत. माझ्या दंडावरचा वण त्याच लसीचा. पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली, ती सशांच्या मज्जारज्जूपासून केलेली होती आणि त्याआधी तिचे प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. पोटात घेतलेली चौदा इंजेक्शने ज्यांना आठवतात, त्यांच्या अंगात मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस गेली आहे. आपल्या देशात ती या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत चालू होती. यांतल्या एकाही मुक्या जिवाला कुणी विचारले नव्हते. तेव्हा पिल्लाला टोचून आपण त्याच्यावर उपकार करतो, असे म्हणताना जीभ अडखळावी. फार तर जुन्या देण्यातला एखादा हप्ता फिटत असेल.

आणि तोही एकालाच का? आमच्या पिल्लाला लस, खोके, मऊ चादर. उरलेली चार त्याच आईची, त्याच मातीत. सगळ्या जगाची कुत्री मी सांभाळू शकत नाही, हे कळते. पण 'सगळी नाही' यावरून 'एकच' कसे निघते, हे मात्र कळत नाही. रेबीजच्या बाबतीत तर एक टोचून भागतच नाही. गावातल्या शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आश्विनात पिल्ले आठ आठवड्यांची झाली. मी डॉक्टरांना गोठ्यातच बोलावले. पाचांना संयुक्त लस, आईला रेबीजची. गवळ्याने आधी मान हलवली, मग स्वतःच एकेकाला धरून देऊ लागला. कुत्री गुरगुरत होती, म्हणून तो तिच्याशी मराठीत आणि तिच्या पिल्लांशी कन्नडात बोलत होता. का, ते त्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी वही उघडली आणि नावासाठी विचारले, "निम्मदु यावुदु?" यांतले तुमचे कोणते?

नातीने बोट पुढे केले, मग मागे घेतले. पाचही तोवर आईला लुचायला गेली होती. फटाके संपेपर्यंत त्यांना तिथेच राहू द्यायचे ठरले आहे.