फळ कुणी उचलायचं?

जगदीशचंद्र बोस यांची एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या वर्गात हमखास निघायची. मे १९०१. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. त्याआधी एका बड्या तार कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज हातात घेऊन त्यांच्याकडे आला. आज सगळं सांगून टाकू नका, यात पैसा आहे, पेटंटचा खर्च मी करतो, नफ्यातला अर्धा वाटा तेवढा मला द्या, असं त्याचं म्हणणं. बोसांनी नकार दिला आणि हे सगळं रवींद्रनाथांना पत्रानं कळवलं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. ती सांगून झाली की वर्गातलं कुणीतरी निष्कर्ष काढायचंच : म्हणजे पेटंट न घेणारा निष्काम कर्मयोगी आणि घेणारा लोभी. त्या निष्कर्षाला मी कधी मान डोलावली नाही. का, ते इथे लिहिते.

बोस लंडनमध्ये तो अर्ज परत करत होते त्याच काळात, त्याच शहरात, मुंबईचा एक माणूस असेच अर्ज मन लावून भरत होता. शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७चा, मुंबईतला. विज्ञानाची मोठी पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. मुंबईच्या लोकलमध्ये पुढचं स्टेशन कुठलं ते दाखवणारी पाटी कशी करता येईल, बाटलीचं बूच मधेच कुणी उघडलं तर ते कळेल कसं, असल्या रोजच्या अडचणींत त्यांचं डोकं चालायचं. वाण्याच्या दुकानातला माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची एक स्पर्धा इंग्लंडमधल्या एका मासिकानं लावली होती. ती त्यांनी मुंबईत बसून जिंकली आणि त्या बळावर विलायतेची वाट धरली. दिनशा वाच्छांचं पत्र घेऊन ते दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांच्या शोधांसाठी स्वतःचे पैसे घातले. विजेवर चालणारी त्यांची जाहिरातीची पाटी क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली.

पण त्यांचा जीव अडकला होता तो खिळे पाडण्याच्या यंत्रात. छापखान्याचे खिळे. हे यंत्र काय होतं हे मला इतर अनेकांपेक्षा जास्त कळतं, कारण मी छापखान्यात वाढले. साताऱ्याला आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी सोसायटीच्या पावत्या. खिळा म्हणजे बोटाच्या पेराएवढा शिशाचा तुकडा, एका टोकाला उलटं अक्षर. नुसतं शिसं चालत नाही. त्यात अँटिमनी आणि कथील घालावं लागतं, नाहीतर धातू निवताना आकसतो, अक्षराची कड बोथट येते आणि ‘ष’ची रेघ कागदावर उठतच नाही. इंग्रजीच्या केसमध्ये खाने मोजके. मराठीची केस म्हणजे भिंतभर पसारा : वेलांट्या वेगळ्या, रफार वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी. एकेक खिळा साच्यात पाडायचा, घासायचा, मग तो केसमध्ये यायचा. भिसे यांच्या यंत्रानं एका वेळी वेगवेगळे खिळे पाडायचे होते, मिनिटाला बाराशेपर्यंत असं त्याबद्दल सांगितलं जाई. ज्या मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागरचे सुबक टाइप घडवले, त्या मुंबईच्या मुलाला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

यंत्र सुचणं वेगळं आणि ते बाजारात उभं करणं वेगळं. प्रत्येक देशाचं पेटंट निराळं, प्रत्येकाची फी निराळी, शिवाय नकाशे काढणारा आणि कायद्याच्या भाषेत मजकूर लिहून देणारा माणूस लागतो. दादाभाई थकले, भारतात परतले. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला आणि रतन टाटांनी पैसा लावला. तरीही बाजार आधीच काबीज करून बसलेल्या मोठ्या कंपन्यांपुढे ते यंत्र टिकलं नाही. भिसे अमेरिकेला गेले, तिथे औषधाचा व्यवसाय केला आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या नावावर सुमारे चाळीस पेटंटं होती.

या माणसाला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण प्रश्न स्वभावाचा नाही, सिद्धान्ताचा आहे. विचारावर मालकी सांगता येते का?

येता कामा नये, असं म्हणणारी आपली एक भक्कम परंपरा आहे. मीमांसकांच्या मते वेदाला कर्ता नाही. ऋषींना मंत्र दिसले, त्यांनी ते रचले नाहीत. ज्ञान आधीपासूनच आहे, माणूस फक्त त्याच्यासमोर उभा राहतो. हे मान्य केलं तर ‘माझा शोध’ हे शब्दच चुकीचे ठरतात. यज्ञात आहुती टाकताना यजमान हे माझं नाही म्हणून सोडून देतो, तसंच सुचलेलं सोडून द्यावं.

नैयायिकांना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घट आहे तर कुंभार आहे. जे जे घडवलेलं आहे त्याला घडवणारा असतोच, आणि याच अनुमानावर त्यांनी ईश्वर सिद्ध केला. मला इथे न्यायदर्शन जवळचं वाटतं. विशेष म्हणजे पेटंटचा कायदाही याच रेषेवर उभा आहे. विजेच्या लहरी कुणाच्या नावावर करता येत नाहीत, त्या सृष्टीच्या आहेत, तिथे मीमांसक बरोबर. पण त्या लहरी टिपायला बोसांनी गॅलेनाच्या खड्यावर तारेचं टोक टेकवून केलेलं साधन हे घडवलेलं आहे, त्यामागे कुणाचे तरी हात आहेत. ते हात नाकारणं म्हणजे कुंभाराशिवाय घट आला असं म्हणणं.

आता अण्णांबद्दल. माझे वडील. ट्रेडल मशीनवर काम करणाऱ्याचा उजवा हात सतत जबड्यात असतो : पाय पायट्यावर, एका हातानं कोरा कागद लावायचा, दुसऱ्यानं छापलेला ओढायचा, आणि मधल्या क्षणात लोखंडी पाट मिटतो. आमच्याकडच्या एका कामगाराची दोन बोटं अशीच गेली. त्यानंतर अण्णांनी पाटाच्या सांध्याला जोडून एक पट्टी बसवली, वर चामडं मढवलेली. पाट मिटायला लागला की ती आधी वर यायची आणि मनगटाला धक्का देऊन हात बाहेर लोटायची. मी लहान असताना तिच्यासमोर मुद्दाम हात धरून पाहत असे. दुखायचं नाही, पण हात मागे यायचाच. यंत्रांचा व्यापार करणारे एक गृहस्थ आले, त्यांनी ती पाहिली, मोजमाप घेतलं, चहा घेतला. पुढे तीच पट्टी त्यांच्या नावाचा पत्रा ठोकून विकली जायला लागली. शेजारच्या छापखान्यानंही ती विकत आणली.

अण्णा म्हणाले, “पोरांचे हात वाचतायत ना? विद्या झाकून ठेवायची नसते.”

आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. “झाकू नका, कोण म्हणतं झाका? पण तुमचं नाव खरवडून स्वतःचं लावायला त्याला कुणी सांगितलं? आणि तुम्ही देऊन टाकलंत म्हणता, ते त्यानं मागितलं कधी?”

तत्त्वज्ञानाची इतकी पुस्तकं वाचूनही त्या प्रश्नापलीकडे मला फारसं जाता आलेलं नाही. अण्णा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेत : अधिकार कर्माचा, फळाचा नाही. आमच्या समाजात हा श्लोक जितका स्वतःला सांगितला गेला त्याहून अधिक दुसऱ्याला सांगितला गेला. कारागिराला, मोलकरणीला, घरातल्या सुनेला. पण श्रीकृष्ण तो अर्जुनाला सांगतात, अर्जुनाचं चित्त सुटावं म्हणून. फळाची आस तू सोड, असं कर्म करणाऱ्याला सांगणं हा उपदेश आहे. ते फळ आता मी उचलतो, असं म्हणण्याचा अधिकार त्या श्लोकातून शेजाऱ्याला मिळत नाही. अठराव्या अध्यायात तर त्यागाचेच तीन प्रकार केले आहेत, आणि मोहानं केलेल्या त्यागाला तिथे तामस म्हटलं आहे. म्हणजे सोडलं, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. काय सोडलं, कसं सोडलं आणि ते आपल्या हातात होतं का, हे पाहावंच लागतं. अण्णांच्या हातात ती पट्टी राहिलीच नव्हती. जे आधीच गेलं होतं त्याला त्यांनी दान म्हटलं, आणि त्यामागचा त्यांचा मोठेपणा मी जाणते. तरी त्याला त्याग म्हणायला मी तयार नाही.

बोसांकडे मात्र सोडण्यासारखं काही होतं. प्रेसिडेन्सी कॉलेजात हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार, म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नव्हता. त्यांचा त्याग स्वस्तातला नव्हता. पण अखेर तो पूर्ण पगार त्यांना मिळाला. नोकरी होती, नाव होतं, व्याख्यानाला लंडन जमत होतं. भिसे यांच्याजवळ सुचलेल्या गोष्टीखेरीज काही नव्हतं. तीही सोड म्हणून त्यांना सांगायचं तर सांगणाऱ्यानं आधी त्यांच्या घराचं भाडं भरावं.

पेटंटच्या कागदाचं एक अंग लोक विसरतात. तो कागद ‘माझं’ म्हणतो, पण त्याआधी ‘सगळं सांग’ म्हणतो. कुठली दांडी, कुठला स्क्रू, कशावर कसा फिरतो, सगळं. जाणकार माणसानं तो मजकूर वाचून ते यंत्र उभं करावं, इतकं स्पष्ट. आमच्याकडे वैद्य मात्रेची कृती स्वतःबरोबर चितेवर घेऊन गेले, गवयांनी चीज शिष्यालाही अर्धीच दिली, घराण्यांनी रंगाचे आणि कल्हईचे पाठ दडवले. अपरिग्रहाचे गोडवे गाणाऱ्या समाजात ज्ञानाचा हा परिग्रह मुकाट चालला. त्याच्या शेजारी १९११चा हिंदुस्थानचा पेटंट कायदा ठेवून पाहा : चौदा वर्षं तुझं, नंतर सगळ्यांचं, आणि कृती मात्र आधीच दप्तरात उघडी. गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ यावा तसा तो हक्क मुदतीनं सुटतो. मला या मुदतीत धर्म दिसतो.

पैसा मिळेलच असं तर त्यात कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेत अलाबामातल्या मेरी अँडरसन बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फाळ पावसात ट्रामच्या ड्रायव्हरला काचेतून दिसेना, म्हणून तो खिडकी उघडून गारठ्यात गाडी हाकत होता, हे त्यांनी पाहिलं. घरी येऊन त्यांनी आतून दांडी फिरवली की बाहेरून काच पुसणारी रबराची पट्टी आखली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक ७४३८०१. दोन वर्षांनी कॅनडातल्या एका पेढीनं कळवलं की यात व्यापारी मोल नाही. सतरा वर्षांची मुदत १९२०मध्ये संपली, त्यानंतर काच पुसणारी पट्टी मोटारींवर सर्रास दिसायला लागली. बाईंना त्यातून पैसा आला नाही. पण तो क्रमांक त्यांच्याच नावाचा राहिला, आणि माझ्या आईनं ज्यासाठी लाटणं खाली ठेवलं होतं ते हेच.

आपल्या संतांनी हे ओळखलं होतं असं मी मानते. अभंग कुणीही गावा, पेठेत गावा, शेतात गावा, त्यावर पैसा नाही, परवानगी नाही. तरी शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. ज्ञानोबांपासून बहिणाबाईंपर्यंत देह मिथ्या म्हणणाऱ्यांनी ती गाळली नाही. त्यांना अहंकार होता असं कुणी म्हणेल का? नाव राहिलं म्हणून पुढच्याला कळतं की हे अमक्याच्या जगण्यातून आलं आहे, आणि चुकलं तर कुणाला विचारायचं तेही कळतं. आमच्या छापखान्यातल्या पट्टीवर ठोकलेल्या त्या पत्र्याचा डंख पैशाचा कधीच नव्हता.

बोसांच्या गोष्टीचा पुढचा भाग वर्गात मी आवर्जून सांगत असे, कारण पुस्तकांत तो बहुधा एका ओळीत उरकतात. अखेर त्यांच्या नावावर पेटंट झालंच. ३० सप्टेंबर १९०१ला अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ला क्रमांक ७५५८४० मंजूर झाला. त्यासाठी त्यांच्या मागे लागल्या दोन बाया : एक त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल, दुसऱ्या भगिनी निवेदिता. निवेदितांना विवेकानंदांनी ब्रह्मचर्याची दीक्षा दिली होती. घरदार, देश, जुनं नावसुद्धा त्यांनी मागे टाकलं होतं. त्याग म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, आणि त्याच बाई एका संसारी प्राध्यापकाला सांगत होत्या की कागदावर तुमचं नाव आलं पाहिजे. स्वतःचं सोडणं त्यांना जमलं होतं, म्हणूनच दुसऱ्याचं हिरावलं जाताना त्यांना गप्प बसवलं नसावं, असा मी अर्थ लावते. परक्या राजवटीत हिंदी माणसाच्या शोधावर दुसऱ्याचा पत्रा किती सहज ठोकला जाईल, हे त्या पाहत होत्या.

ते पेटंट हातात असताना बोसांनी त्यातून पैसा केला नाही. १९१७ साली कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था उघडताना तिथल्या शोधांवर कधीच पेटंट घेतलं जाणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा संस्था त्यांची होती, काम त्यांचं होतं आणि ते कुणाचं आहे याबद्दल जगात कुणाला शंका नव्हती. या त्यागापुढे मी हात जोडते.