सूर पोचतो, श्रद्धा कुठवर?

न कळणाऱ्या भाषेतल्या गाण्यातली श्रद्धा श्रोत्यापर्यंत पोचते का? ऑकलंडच्या अवोन्डेल उपनगरात ‘हॉलीवूड’ या जुन्या चित्रपटगृहात आता रॉकच्याही मैफली रंगतात. तिथला एखादा श्रोता जपानी संगीताकडे वळला की हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतोच. क्योटोच्या ‘ओतोबोके बीव्हर’ या पंक बँडचा संताप त्याला अनुवादाविना भिडतो. फुजिई काझे या ओकायामाच्या गायकाचे तसे नाही; त्याच्या गाण्यांमागे श्रद्धा आहे. ‘हेल्प एव्हर हर्ट नेव्हर’ (२०२०) आणि ‘लव्ह ऑल सर्व्ह ऑल’ (२०२२) ही त्याच्या अल्बमांची नावे म्हणजे सत्य साईबाबांची वचने. आणि सत्य साईबाबा स्वतःला शिर्डीच्या साईबाबांचा अवतार म्हणवत. शिर्डीचा धागा इतका दूर जावा, हे मराठी मनाला हलवणारे आहे.

पण ही श्रद्धा परक्या श्रोत्याची होते का? संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तात भाव एका व्यक्तीचा न राहता सर्वांचा होतो. पण त्याचे विवेचन काव्यनाट्याचे, म्हणजे शब्द कळणाऱ्या रसिकाचे आहे. नुसत्या सुरातून आर्तता पोचते. ती कोणासाठी, हे मात्र पोचत नाही. वारकरी कीर्तनात टाळमृदंगाचा गजर असूनही अभंगाचे निरूपण करावे लागते, ते याचसाठी.